रोड टच नाव

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळचं काम एकच ठेवलं होतं, गॅलरीतला आकाशकंदील उतरवायचा. त्रिपुरी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता आणि अख्ख्या सोसायटीत आता आमचाच तेवढा लटकत होता. नवऱ्याने दिवाळीत तो केबल टायने बांधून ठेवला होता. ही त्याची प्लांटमधली सवय. सुतळीची गाठ त्याला धड मारता येत नाही. केबल टाय सुटत नाही, कापावाच लागतो. एका हातात पक्कड, दुसऱ्या हाताने धरलेला कंदील, पायाखाली डुगडुगणारं प्लास्टिकचं स्टूल. स्टूल धरायला घरात दुसरं माणूस नाही, म्हणून ते भिंतीला चिकटवून घेतलं होतं. नेमका तेव्हा फोन वाजला.

वाजू दिला. कंदील खाली आणला, झटकला, घडी करून माळ्यावर टाकला आणि मग नंबर पाहिला. मागच्या वर्षी माझं नाव विकत घ्यायला आलेल्या आणि न घेताच निघून गेलेल्या कंपनीच्या मॅनेजरचा होता.

माझं नाव म्हणजे माझ्या वेबसाइटचं. चाकण आणि खोली हे दोन शब्द इंग्रजी अक्षरांत जोडायचे आणि पुढे डॉट कॉम लावायचं. एवढंच ते नाव. चाकणला मी एका कारखान्यात एचआरला होते. दरवर्षी ट्रेनी मुलांची बॅच यायची. परभणी, लातूर, हिंगोली, कुठून कुठून. खांद्याला सॅक, हातात ऑफर लेटर, उद्या फर्स्ट शिफ्टला हजर व्हायचं आणि आज झोपायचं कुठे ते माहीत नाही. मग माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहायची. खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे, महाळुंगे इथल्या खोल्यांच्या मालकांशी माझी त्यातूनच ओळख झाली. कुणाकडे पाणी आहे, कुणाकडे नुसती टाकी आहे, कोण मुलींना खोली देतो आणि मुलींनी कुणाकडे राहू नये, हे मला पाठ झालं. कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा ही माहिती कारखान्याने मागितली नाही आणि मीही दिली नाही. पिंपरी कॅम्पात व्हिजिटिंग कार्ड छापणारा एक जण वेबसाइटही करून द्यायचा. त्याने नाव शोधलं, ते मोकळं निघालं. "मॅडम, डॉट नेटपण घेऊन ठेवा," तो म्हणाला. मी म्हटलं, दुकान एक असताना पाट्या दोन कशाला?

तेव्हापासून मी हेच करते. स्वतः जाऊन खोली बघते, फोटो काढते, साइटवर टाकते. खोली लागली की मालक माझं कमिशन देतो. मुलांकडून मी काही घेत नाही. मोठा धंदा नाही, पण बुडणाराही नाही.

नवऱ्याच्या कारखान्यातली त्याची लाइन गुजरातेतल्या प्लांटला हलवली तेव्हा प्रश्न आला. सुपरवायझर म्हणून त्याला जावंच लागलं. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेलेली. मोशीतला हा फ्लॅट, त्याचे हप्ते आणि मी, असे तिघे मागे राहिलो. वर्षभरात त्याच्या खेपा दिवाळी, गणपती आणि एखादं लग्न एवढ्यावर आल्या. मी काही रडत बसले नाही. डबा करायचा नाही म्हणून सकाळी उशिरा उठायला लागले, एवढाच फरक मी लोकांना सांगायची. भाजीवाल्याकडे पाव किलो मागितलं की तो वर बघायचा, तेही मी मनावर घेतलं नाही.

मग ही कंपनी आली. चार शहरांत पोरांना खोल्या देते, पांढऱ्या भिंती, बंक बेड, खाली वॉशिंग मशीन. त्यांना चाकणला शिरायचं होतं आणि माझं नाव हवं होतं. माझ्या खोल्या नकोत, मालक नकोत, फक्त नाव. मी फोनवर नवऱ्याला आकडा सांगितला. तो म्हणाला, "यात आणखी थोडी भर पडली ना, तर फ्लॅटचे हप्ते मिटतात. मी राजीनामा टाकतो आणि येतो."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? मला इथे काय सोनं लागलंय?"

त्या दिवसापासून त्या नावाची किंमत माझ्या लेखी ठरली. नवरा घरी येईल एवढी.

आता ही भर कशी पाडायची ते विचारायला मोशीत माणसं कमी नाहीत. आमची बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी आहे ते काका पहिल्या मजल्यावर राहतात. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात दिलेले त्यांचे फ्लॅट वर आहेत, पण लिफ्ट बंद पडते म्हणून हे खालीच. रोज सकाळी गेटजवळ खुर्ची टाकून बसतात. मोशीत जमिनीबद्दल सल्ला फुकट मिळतो आणि तो एकच असतो. विकू नका. ज्याने लवकर विकलं तो आज हळहळतो आणि जो अडून बसला त्याच्या दारात चारचाकी आहे. इथल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे.

काकांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्या नाशिक रोडच्या कडंचं अर्धं एकर इकलं, तवा टॅक्टर आला. टॅक्टर गेला भंगारात. आन् त्या जागंवर आज काय हाय?"

"शोरूम."

"शोरूम हाय. तुझी ही जागा कुटं हाय म्हनालीस?"

"जागा नाही काका, नाव आहे. इंटरनेटवर."

"रोड टच हाय का?"

मी विचार केला. चाकण म्हटलं की खोली, खोली म्हटलं की डॉट कॉम. शोधणारा सरळ दारात येतो. "म्हटलं तर आहे," मी म्हणाले.

"आन् तसलंच दुसऱ्या कुनाकडं हाय?"

"नाही. असं एकच."

"मंग बस दाबून. येत्याल बरोबर. व्हय न्हाई म्हनायचंच न्हाई."

मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. डोळ्यांसमोर पंधरा वर्षं मी हेच पाहत आले होते. ज्वारीच्या रानात टॉवर उभे राहिले ते अडून बसणाऱ्यांच्या कृपेने. मी मॅनेजरला कळवलं, या आकड्याला नाही, वर थोडी भर हवी. तो म्हणाला, "ठीक आहे मॅडम, वर बोलतो." दोन आठवडे गेले, महिना गेला. मी फोन केला नाही. गरज दाखवायची नसते, हेही मोशीतच शिकले होते.

एके दिवशी खराबवाडीहून परत येताना बस तळेगाव चौकात अडकली होती. खिडकीतून वर पाहिलं तर होर्डिंग. हसणारी तीन पोरं, एकाच्या हातात गिटार, आणि खाली माझं नाव. माझेच दोन शब्द, त्याच अक्षरांत. फक्त टिंबापुढे कॉमच्या जागी होम्स होतं.

बस हलेपर्यंत मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग मॅनेजरला फोन लावला. तो अजिबात ओशाळला नाही. "मॅडम, आम्ही खूप वाट पाहिली. मग आयटीवाले म्हणाले, नवीन एंडिंग बघा. होम्स आहे, रेंट आहे, स्पेस आहे, शेकड्याने आहेत. हे जवळजवळ फुकटच मिळालं. आता डॉट कॉमचं तसं काही राहिलं नाही, मॅडम."

पिंपरीच्या वेबसाइटवाल्याने तेच सांगितलं, थोडं समजावून. पूर्वी मोजकीच एंडिंग होती, म्हणून चांगलं नाव एकदा गेलं की गेलं. आता यादी वाढतच चालली आहे. तुमच्या दोन शब्दांपुढे काहीही लावून तेच नाव कुणीही घेऊ शकतं. "मी तेव्हा डॉट नेट घ्या म्हटलं होतं," तो म्हणाला. मी विचारलं, घेतलं असतं तर हे थांबलं असतं का? तो म्हणाला, नसतं. मग कशाला बोलायचं ते!

काकांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजे मागनं नवा डीपी रोड काडला म्हन की."

"हो."

"मोबदला?"

"कसला मोबदला काका?"

"आन् सातबारा कुनाचा?"

"कुणाचाच नाही. इंटरनेटवाले त्यांना वाटेल तेवढे रस्ते काढतात. जमीन संपतच नाही तिकडे."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "असल्या गावात जमीन घ्यावीच कशाला मानसानं?" ते म्हणाले, आणि पेपर उघडला.

खरी चूक तीच होती. मोशी वाढवता येत नाही. इंद्रायणी आणि हायवे यांच्यात जेवढी आहे तेवढीच. अडून बसण्यात ताकद आहे ती त्यामुळे. माझ्याकडे जे होतं त्याच्या शेजारी हवी तेवढी नवी मोशी उभी करता येत होती आणि मी मात्र जुन्या रस्त्यावर, येतील बरोबर, म्हणून बसले होते.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "असू दे." नंतरच्या फोनांत आम्ही राजीनाम्याचा विषय काढला नाही. जेवलीस का, काय भाजी केली, पाणी आलं का. मी म्हणायची, जेवले. कधी जेवलेली नसायची, पण त्यावरून बोलणं लांबलं असतं आणि लांबवण्याजोगं काही नव्हतं.

जूनमध्ये नवी बॅच आली आणि वेगळंच सुरू झालं. होर्डिंग त्यांचं, फोन मला. पोरं चौकातून जाताना दोन शब्द लक्षात ठेवायची आणि टिंबापुढचं आपल्या सवयीने घालायची. गावाकडे मित्राला फोनवर नाव सांगायची तेव्हा होम्स कोण सांगतंय? समोरचा आपोआप डॉट कॉम टाकायचा आणि माझ्या पानावर येऊन धडकायचा. तिथे माझा नंबर. त्यांच्या भाडेकरूंच्या मेल मला येऊ लागल्या. आधार कार्डाचे फोटो येऊ लागले. एका मुलीच्या आईने तर मेलमध्ये हॉस्टेलच्या वॉर्डनला म्हणून लिहिलं होतं, तिला वांग्याची अॅलर्जी आहे, लक्ष ठेवा. मी ते सगळं कंपनीला पुढे पाठवायची. कुणाची पोरगी वांगं खाऊन आजारी पडायला नको.

फोन मात्र पुढे पाठवता येत नाही, बोलावंच लागतं.

"हॅलो, मावशी, गीझर चालत न्हाई."

"कुठला गीझर?"

"खोलीतला. तुमच्याच खोलीतला की."

"माझ्या कुठल्याच खोलीत गीझर नाही. तू डॉट होम्सवाल्यांकडे राहतोस."

"मंग तुम्ही कोन?"

"मी डॉट कॉमवाली."

"दोन्ही एकच न्हाईत का?"

"नाही."

"बहिणी बहिणी हाव का?"

"ओळखसुद्धा नाही. त्यांचा नंबर होर्डिंगवर आहे, तिथे लाव."

"होर्डिंगखाली भुर्जीवाल्यानं ताडपत्री बांधलीय, नंबर दिसत न्हाई. मावशी, आता लावलाच हाय फोन तर सांगा की, गीझरचं लाल बटन दाबायचं का न्हाई?"

सांगितलं. बोर्डातला एमसीबीचा खटका पडला होता. मुलगा हिंगोलीचा, आयटीआय झालेला, इलेक्ट्रिशियन ट्रेडचा. तेही त्यानेच सांगितलं आणि स्वतःच हसला.

त्या महिन्यात मी नवऱ्यापेक्षा एका परक्या कंपनीच्या भाडेकरूंशी जास्त बोलले. रविवारी फोन थंड असायचे. एका रविवारी संध्याकाळी इस्त्रीवाला आला, त्याला "आज कपडे नाहीत" म्हणायला तोंड उघडलं तर आवाज घशातच अडकला. सकाळपासून पहिल्यांदाच बोलत होते. पाणी प्यायले, पुन्हा म्हटलं. यात सांगण्यासारखं एवढंच की त्यानंतर रविवारीसुद्धा मी फोनची रिंग मोठी ठेवायला लागले.

तर १२ नोव्हेंबरला हात धुऊन मी मॅनेजरला उलटा फोन लावला.

"मॅडम, पुन्हा बोलू या का?" तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"नावाबद्दल. आमचे कस्टमर चुकून तुमच्याकडे येतात. कितीतरी तर पुढे आमच्यापर्यंत पोचतच नाहीत. हेड ऑफिसला आता ते टोचायला लागलंय. मागचाच आकडा, वर तुम्ही म्हणत होतात ती भरही देऊ."

"तुम्हीच म्हणाला होतात, डॉट कॉमचं काही राहिलं नाही."

"तसं नवीन माणसाला राहिलं नाही मॅडम. पण पब्लिकची बोटं जुनीच आहेत."

उद्या सांगते म्हटलं. फोन ठेवला आणि ओट्यापाशी उभी राहिले. जे हवं होतं ते वर्षभर उशिरा, पण पूर्ण आलं होतं. खाली जाऊन काकांना सांगावंसं वाटलं, पण सांगितलं नाही. ते काय म्हणणार ते ठाऊक होतं. हप्ते मिटतील, तो पुढच्या महिन्यात नोटीस देईल, होळीच्या आत घरी. दिवसभर मी हेच धरून होते. कपाटाचा त्याचा खण रिकामा करून पुसला. त्यात माझ्या साड्या सरकल्या होत्या.

त्याची शिफ्ट सुटल्यावर संध्याकाळी फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वा. छान झालं."

"मग नोटीस कधी देतोस?"

"अगं, एवढ्यात कशी? मला लाइन इनचार्ज करायचं चाललंय."

"कधीपासून चाललंय?"

"दिवाळीच्या आधीपासून."

"दिवाळीत चार दिवस इथे होतास."

"नक्की नव्हतं तेव्हा." मग म्हणाला, "आणि मी तिथे येऊन करू काय? तुझ्यामागे पिशवी घेऊन खोल्या बघत हिंडू?"

"ठरलं होतं."

"ठरलं होतं, मी नाही कुठे म्हणतोय? पण तेव्हा इथे जीव रमत नव्हता. आता क्वार्टर चांगलं आहे. संध्याकाळी आम्ही व्हॉलीबॉल खेळतो."

"तू?"

"हो. सर्व्हिस बरी जाते माझी."

पंचावन्नाव्या वर्षी माझा नवरा व्हॉलीबॉल खेळतो हे मला नावाच्या किमतीवरून कळलं. मागे कुणीतरी त्याला हाका मारत होतं, "आवो ने, भाई." तो म्हणाला, "तू ये ना इकडे. नाव विकतेच आहेस, मग तिथे अडकायचं कशाला?"

"मी तिकडे काय करू?"

"बघू," तो म्हणाला. "जेवून घे."

मी कुकर लावला. वरण-भात झाला, जेवले, भांडी घासली. रागावलेही नाही, हे मला स्वतःलाच जरा विचित्र वाटलं. वर्षभर मी त्या नावाचा भाव त्याच्या परत येण्यावरून काढत होते. बाजाराला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. नवी एंडिंग आली तेव्हा भाव पडला, पोरांच्या सवयीने पुन्हा चढला, आणि या सगळ्या काळात तिकडे एक माणूस हळूहळू रमत गेला. कुणी कुणाला फसवलं नव्हतं. विकून हप्ते मिटतील हे खरं होतं. मग फोनच थांबल्यावर सकाळी उठून मी कुणाशी काय बोलणार, एवढंच मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मॅनेजरला फोन केला. सांगितलं, नाव विकायचं नाही. पण माझ्या पानावर वर ठळक पट्टी टाकते, डॉट होम्सवाल्यांनी इकडे जावे म्हणून. तुमची चुकलेली पोरं तुमच्या दारात सोडायची आणि मेल पुढे पाठवायच्या, त्याचं दरमहा भाडं द्या.

"मॅडम, असं आमच्याकडे कधी झालेलं नाही."

"मोशीत होतं. लोक रस्त्याकडेची जमीन ठेवतात आणि होर्डिंगला भाड्याने देतात. वर विचारून बघा."

तो विचारतो म्हणाला. मग पिंपरीच्या माणसाला मेसेज केला, नाव रिन्यू करा. त्याने विचारलं, एक वर्ष की पाच? पाच वर्षांत थोडं स्वस्त पडतं, असंही लिहिलं. मी एक म्हणून कळवलं.

नऊच्या सुमाराची बस पकडून निघोज्याला गेले. एका मालकाने जुन्या गोठ्याच्या जागी चार खोल्या बांधल्या होत्या. रंगाचा वास अजून होता. त्याच्या बायकोने दार उघडून दिलं आणि माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं.

"एकल्याच आलाव?"

"हो," मी म्हणाले, आणि पहिल्या खोलीची खिडकी उघडता येते का ते पाहिलं.